नियम, पंच आणि मोटारींची शर्यत

शीळफाट्यावर चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. एक मुंब्र्यावरून ठाण्याकडे, दुसरा डोंबिवलीच्या अंगानें कल्याणकडे, तिसरा पनवेलकडे आणि चवथा महाप्यावरून नव्या मुंबईकडे जातो. संध्याकाळच्या वेळीं येथें वाहनांची जी दाटी होते ती ज्यानें पाहिली आहे, त्याच्या एक गोष्ट लक्षांत आल्यावांचून राहिली नसेल. पुढचा रस्ता बंद असतांना मालमोटारीचा चालक काय किंवा रिक्षावाला काय, दहा दहा मिनिटें निमूटपणें उभा असतो. परंतु शेजारची एखादी मोटार हळूच बाजूनें निघून पुढें गेली आणि तिला कोणीं अडविलें नाहीं, असें दिसलें कीं तोच मनुष्य खवळतो, भोंगा वाजवूं लागतो, आणि पाहतां पाहतां साऱ्या चौकांत गोंधळ माजतो. थांबावें लागलें याचा त्याला राग नसतो. एकट्यालाच थांबावें लागलें याचा असतो.

मोटारींच्या व्यावसायिक शर्यतींत गेलीं कित्येक वर्षें जो वाद वारंवार उद्भवतो त्याचें मूळ याच मनुष्यस्वभावांत आहे. कल्याण-डोंबिवलीच्या घरांतून रविवारीं दूरचित्रवाणीपुढें बसून फॉर्म्युला वन या नांवाच्या शर्यती पाहणारी तरुण मंडळी आतां पुष्कळ आहे. शर्यत संपल्यावर घरांतील वडील माणसांच्या कानांवर जें भांडण येतें तें पुष्कळदां कोण जिंकला यावरून नसतें. अमक्याला पांच सेकंदांचा दंड झाला, मग तमक्याला तोच अपराध करूनही कां झाला नाहीं, यावरून तें असतें. हें भांडण पोरकट नव्हे. त्याचा उलगडा होण्यासाठीं या शर्यतींत न्याय कोण करतो व कसा करतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

मोटारशर्यतींचे नियम करण्याचा अधिकार १९०४ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाकडे आहे. फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० सालापासून चालू आहे. प्रत्यक्ष शर्यत चालविणारा अधिकारी एक असतो. त्याला शर्यतप्रमुख म्हणूं. न्याय करणारे पंच त्याहून निराळे. ते तीन किंवा चार असतात, आणि प्रत्येक शर्यतीला तेच नसतात. आज बेल्जममध्यें एक मंडळ बसलें, तर पुढें इटलींत दुसरें बसतें. मुंबईचे नाझीर हुसेन यांनींही अशा पंचाचें काम केलें आहे. इकडे मात्र त्यांचें नांव १९८० सालीं सुरू झालेल्या हिमालयन रॅलीचे संयोजक म्हणून अधिक ऐकूं येतें.

पंचांचें काम एका बाबतींत न्यायाधीशाच्या कामापेक्षांही कठीण आहे. न्यायाधीशाला महिनेच्या महिने मिळतात. येथें ताशीं तीनशें किलोमीटरच्या आसपास वेगानें जाणाऱ्या दोन मोटारी एकमेकींना घासून जातात, आणि दोष कोणाचा हें पंचांनीं पडद्यावरील चित्रें मागेंपुढें करून, शर्यत चालू असतांच, ठरवावयाचें असतें. पांच सेकंद, दहा सेकंद, दुरुस्तीच्या गल्लींतून मंद गतीनें जाऊन येणें, आणि अगदीं शेवटीं शर्यतींतून बाद करणें, अशा चढत्या शिक्षा त्यांच्या हातीं असतात.

जे नियम तागडींत किंवा फूटपट्टीवर तपासतां येतात त्यांच्या बाबतींत मतभेदास फारशी जागा राहत नाहीं. १ ऑगस्ट २०२१ रोजीं हंगेरींतील शर्यतींत सेबास्टियन फेटेल दुसरा आला. मागितल्यास मोटारीच्या टाकींतून तपासणीसाठीं एक लिटर इंधन काढून देतां आलें पाहिजे, असा नियम आहे. त्याच्या मोटारींतून निघालें अवघें तीन दशांश लिटर. टाकींत आणखी इंधन शिल्लक आहे, परंतु तें बाहेर येत नाहीं, असें त्याच्या संघाचें म्हणणें होतें. तें ऐकून घेण्यांत आलें, आणि दुसरा क्रमांक काढून घेण्यांत आला. शिक्षा कठोर खरी. पक्षपाताचा आरोप करण्यास मात्र जागा नव्हती.

जेहान दारूवाला या मुंबईच्या तरुण चालकाचा अनुभव याहून चटका लावणारा आहे. १० जुलै २०२२ रोजीं ऑस्ट्रियांत फॉर्म्युला टू या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची मुख्य शर्यत झाली. नेदरलंड्सचा रिचर्ड फेर्स्खोर पहिला व जेहान दुसरा आला. तपासणींत फेर्स्खोरच्या मोटारींतून इंधनाचा पुरेसा नमुना निघाला नाहीं, म्हणून तो बाद झाला. आतां विजय मुंबईकडे यावयाचा. परंतु शर्यत सुटण्यापूर्वीं जेहानची मोटार जेथें उभी करावयाची ती ओलसर जागा त्याच्या संघानें यंत्राच्या साह्यानें सुकविली होती, आणि तसें करण्यास नियमानें बंदी होती. जेहानला वीस सेकंदांचा दंड झाला, आणि विजय अमेरिकेच्या लोगन सार्जंटच्या नांवावर जमा झाला. चालक मोटारींत बसलेला, आणि चूक संघाची! तरी दंड त्याला भोगावा लागला. असें असूनही या निकालास अन्याय म्हणतां येत नाहीं, कारण संघाच्या चुकीचें फळ चालकाच्या पदरांत पडावें हा नियम सर्वांना सारखाच आहे. त्या दिवशीं फेर्स्खोरचेंही तेंच झालें होतें. (त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोंझा येथील मुख्य शर्यत जेहाननें जिंकली, हें येथेंच सांगून टाकलेलें बरें.)

नियम लोकांच्या आनंदाच्या आड येतो तेव्हां तर पंचांची कसोटीच असते. भारतांत फॉर्म्युला वनच्या शर्यती २०११ ते २०१३ अशीं तीनच वर्षें झाल्या. २७ ऑक्टोबर २०१३ रोजीं ग्रेटर नोइडा येथें फेटेल जिंकला, आणि त्याबरोबर त्याचें सलग चौथें अजिंक्यपद निश्चित झालें. शर्यतीनंतर मोटार थेट तपासणीच्या जागीं नेण्याऐवजीं त्यानें ती प्रेक्षकांसमोर गरगर फिरविली, आणि चाकांच्या धुरांतून उतरून तिला दंडवत घातला. प्रेक्षक हर्षभरित झाले. पंचांनीं चालकाला समज दिली आणि त्याच्या संघाला पंचवीस हजार युरोंचा दंड केला. रुक्षपणा म्हणावा तर म्हणावा. पण तपासणीच्या जागीं मोटार न नेण्याची सवलत जेत्याला दिली तर पांचव्याला कां नाहीं, याचें उत्तर देणें कठीण झालें असतें.

तथापि मापाचे नियमही वाटतात तितके निर्दोष नसतात. मोटारीच्या तळाशीं एक फळी बसविलेली असते. मोटार जमिनीपासून अतिशय खालीं आणली तर ती फळी घासली जाते, आणि ती नऊ मिलिमीटरपेक्षां पातळ झाली कीं मोटार बाद. २२ ऑक्टोबर २०२३ रोजीं अमेरिकेंत ऑस्टिन येथें शर्यतीनंतर चार मोटारींच्या फळ्या तपासण्यांत आल्या. चारांपैकीं दोन, म्हणजे लुईस हॅमिल्टन व शार्ल लक्लेर यांच्या, पातळ निघाल्या आणि दोघेही बाद झाले. मग उरलेल्या मोटारींचें काय? ज्या तपासल्याच नाहींत त्यांतील किती सुटल्या? फूटपट्टी निःपक्षपाती असते हें खरें, परंतु ती कोणाच्या मोटारीला लावावयाची हें माणसेंच ठरवितात. शाळेंत तीस मुलांपैकीं चौघांच्याच वह्या तपासून दोघांना छड्या मारल्या, तर त्या दोघांचा अपराध खोटा ठरत नाहीं. पण बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरील हंसें त्यांना सहन होत नाहीं.

खरी अडचण आहे ती वर्तनाच्या नियमांची. दुसऱ्याला जागा न देणें, धोकादायक रीतीनें मोटार चालविणें, हे शब्द कागदावर सोपे आहेत. जपानांतील सुझुका येथें १९८९ सालीं आयर्टन सेना आणि आलें प्रोस्त या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मोटारी अडकल्या. सेना आडवाटेनें पुन्हां मार्गावर आला, शर्यत जिंकला, आणि ती वाट वापरल्याबद्दल बाद ठरला. अजिंक्यपद प्रोस्तला मिळालें. पुढच्याच वर्षीं त्याच ठिकाणीं, पहिल्याच वळणावर, सेनानें प्रोस्तला धडक दिली. दोघेही शर्यतींतून गेले आणि अजिंक्यपद सेनाला मिळालें. या वेळीं शिक्षा कांहींच झाली नाहीं, आणि १९९१ सालीं सेनानें स्वतःच तें कृत्य जाणूनबुजून केल्याची कबुली दिली. आडवाटेनें येणाऱ्याला बाद करावयाचें आणि धडक देणाऱ्याला सोडावयाचें, हा न्याय कोणत्याही शाळकरी मुलाला पटणार नाहीं.

शिक्षा कृत्याकडे पाहून द्यावी कीं परिणामाकडे, हाही एक जुना प्रश्न आहे. १८ जुलै २०२१ रोजीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें पहिल्याच फेरींत हॅमिल्टन व मॅक्स व्हर्स्टापेन यांची टक्कर झाली. व्हर्स्टापेनची मोटार कठड्यावर जाऊन फुटली आणि त्याला तपासणीसाठीं इस्पितळांत न्यावें लागलें. मुख्य दोष हॅमिल्टनचा ठरवून पंचांनीं त्याला दहा सेकंदांचा दंड केला. तो भोगूनही त्यानें शर्यत जिंकली. एक इस्पितळांत आणि दुसरा विजयमंचावर, हें दृश्य पाहून पुष्कळांचा संताप झाला. पंचांची बाजू अशी कीं, कृत्य पाहावें, परिणाम पाहूं नये. एकाच चुकीनें एखादे वेळीं नुसता ओरखडा उठतो आणि एखादे वेळीं मोटारीचे तुकडे होतात, तें चालकाच्या हातीं नसतें. तत्त्व योग्य आहे. पण त्याबरोबर हेंही म्हटलें पाहिजे कीं, दहा सेकंदांचा दंड सर्वांना सारखा बसत नाहीं. वेगवान मोटारवाला तो वीसतीस फेऱ्यांत भरून काढतो, आणि मध्यम मोटारवाल्याची त्यानें सारी शर्यत बुडते. श्रीमंत व गरीब दोघांनाही शंभर रुपये दंड करण्यासारखाच हा प्रकार आहे.

नियम चांगला असूनही तो बजावण्यांत ढिलाई झाली म्हणजे काय होतें, याचा नमुना त्याच सिल्व्हरस्टोनवर १२ जुलै १९९८ रोजीं पाहावयास मिळाला. पाऊस पडत होता, रक्षक मोटारीच्या मागें सर्वांनीं रांगेनें जावयाचें होतें, आणि त्या वेळीं मायकेल शूमाकरनें एका मोटारीला मागें टाकलें. दंडाची सूचना संघाला पंचवीस मिनिटांच्या आंत मिळावयास हवी होती; ती उशिरां मिळाली, आणि हातानें लिहिलेल्या त्या चिठ्ठींत दंड नेमका कोणत्या प्रकारचा हें स्पष्ट नव्हतें. शूमाकर अगदीं शेवटच्या फेरीला दंड भोगण्यासाठीं दुरुस्तीच्या गल्लींत शिरला. समाप्तीची रेषा त्या गल्लीवरूनही जाते, आणि त्याच्या संघाची जागा रेषेच्या पलीकडे होती. अर्थात् दंड भोगण्याआधींच तो शर्यत जिंकून बसला! पुढें तो दंडही रद्द करण्यांत आला, प्रतिपक्षाचें अपील फेटाळलें गेलें, आणि तिन्ही पंचांनीं आपले परवाने परत केले.

परंतु या सर्व प्रकरणांवर ताण करणारें प्रकरण १२ डिसेंबर २०२१ रोजीं अबुधाबी येथें घडलें. वर्षांतील ती शेवटची शर्यत. हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन या दोघांचे गुण त्या दिवसापर्यंत अगदीं सारखे, म्हणजे प्रत्येकीं ३६९.५ झाले होते. जो पुढें राहील तो अजिंक्य. अठ्ठावन्न फेऱ्यांच्या त्या शर्यतींत शेवटच्या पांचसहा फेऱ्या उरेपर्यंत हॅमिल्टन चांगला पुढें होता. इतक्यांत निकोलस लतीफी या चालकाची मोटार कठड्यावर आदळली. मार्ग साफ होईपर्यंत रक्षक मोटार पुढें आली आणि सर्व स्पर्धक तिच्यामागें रांगेंत आले. हॅमिल्टनची आघाडी त्यामुळें नाहींशी झाली. व्हर्स्टापेननें तेवढ्यांत नवे टायर बसवून घेतले.

आतां दोघांच्या मध्यें पांच मोटारी होत्या. या मोटारी एक फेरी मागें पडलेल्या होत्या. अशा मागें पडलेल्यांना रक्षक मोटारीच्या पुढें जाऊं देऊन रांग नीट करून घ्यावी, आणि त्यानंतरची फेरी पुरी झाल्यावर रक्षक मोटारीनें बाजूला व्हावें, असा नियम होता. शर्यतप्रमुख मायकेल मासी यांनीं प्रथम कोणालाच पुढें जाऊं द्यावयाचें नाहीं असें कळविलें. मग बेत बदलला. मागें पडलेल्या एकंदर आठ मोटारी असतांना त्यांतील नेमक्या त्या पांचांनाच पुढें सोडलें, आणि आणखी एक फेरी न थांबतां त्याच फेरीच्या शेवटीं रक्षक मोटारही बाहेर काढली. एकच फेरी उरली होती. नव्या टायरांवरील व्हर्स्टापेननें जुन्या टायरांवरील हॅमिल्टनला मागें टाकलें आणि अजिंक्यपद पटकाविलें.

हॅमिल्टनच्या संघानें तक्रार केली. त्या तक्रारीचा सारा भार एका शब्दावर होता. मागें पडलेल्या ‘कोणत्याही’ मोटारींना पुढें जाऊं द्यावें, असें नियमांत म्हटलें होतें. कोणत्याही म्हणजे सर्व, असें एका पक्षाचें म्हणणें. कोणत्याही म्हणजे प्रमुखाला वाटतील त्या, असें दुसऱ्याचें. मराठींतही हा शब्द तितकाच निसरडा आहे: ‘कोणत्याही मुलाला आंत घ्या’ असें सांगितल्यावर शिपायानें एकाच मुलाला घ्यावें कीं सर्वांना, हें वाक्यावरून सांगतां येणार नाहीं. पंचांनीं तक्रार फेटाळली. २०२२ च्या मार्चांत महासंघानें चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. शर्यतप्रमुखांनीं सद्धेतूनें काम केलें, परंतु मानवी चूक झाली, आणि निकाल मात्र कायम, असा त्याचा सारांश होता. मासी यांना त्यापूर्वींच त्या पदावरून दूर करण्यांत आलें होतें. नियमांतील ‘कोणत्याही’ हा शब्द काढून तेथें ‘सर्व’ हा शब्द घालण्यांत आला.

मासी यांची इच्छा वाईट होती असें मानण्यास आधार नाहीं. शर्यत रक्षक मोटारीच्या मागें मिरवणुकीसारखी संपूं नये, शेवटची फेरी खरोखरीच्या चुरशीची व्हावी, असें कोणालाही वाटेल. पण चुरस वाढविण्यासाठीं नियम वांकविला कीं तो कोणाच्या तरी बाजूनेंच वांकतो, आणि ज्याच्या विरुद्ध वांकतो त्याला हेतु चांगला होता या उत्तरानें समाधान होत नाहीं.

हॅमिल्टनच्या संघानें १६ डिसेंबर २०२१ रोजीं अपिलाचा विचार सोडून दिला. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका अगदीं निराळ्या शर्यतीचा प्रश्न हातीं घेतला होता. बैलांच्या शर्यतींवर ७ मे २०१४ रोजीं बंदी आली होती. पुढें तामिळनाडु व कर्नाटक यांनीं कायदे बदलून घेतले आणि तेथील खेळ सुरू झाले. महाराष्ट्रानेंही २०१७ सालीं तसाच कायदा केला, परंतु मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या आदेशामुळें येथील बैलगाडे उभेच राहिले. शेजारच्या राज्यांत चालतें तें येथेंच कां चालूं नये, हा महाराष्ट्राचा मुख्य सवाल होता. म्हणजे शीळफाट्यावर खोळंबलेल्या चालकाचाच सवाल. त्या दिवशीं न्यायालयानें महाराष्ट्रालाही इतर दोन राज्यांप्रमाणें मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. प्राण्यांना इजा होऊं नये म्हणून घातलेल्या अटी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, शर्यतीचें अंतर एक हजार मीटरपेक्षां अधिक नसणें, आणि अटी मोडणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, हें सर्व त्यांत आलें.

कल्याण, अंबरनाथ, पनवेल या टापूंतील गांवांना बैलगाड्यांचा षोक जुना आहे. तेथें शेवटच्या रेषेवर झेंडापंच उभा असतो आणि पुढचें सारें त्याच्या हातांतील झेंड्यावर अवलंबून असतें. त्याच्यापाशीं पडद्यावरील चित्रें मागेंपुढें करणारें मंडळ नसतें. भोंवतीं असतो तो दोन्ही बाजूंचा जमाव. मोटारशर्यतींत निकालाचा राग कागदी तक्रारींतून बाहेर पडतो, येथें तसें नेहमींच होतें असें नाहीं. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत अंबरनाथ येथें बैलगाडा शर्यतीच्या वादांतून गोळीबार झाला. मैदानावरील न्यायावर विश्वास ठेवणें ही केवळ खेळाडूपणाची गोष्ट नव्हे, हें यावरून दिसतें.

मोटार महासंघानें आपल्या परीनें उपाय केले आहेत. २०१० सालापासून पंचांत एक जुना चालक असावा अशी पद्धति पडली. पहिल्या खेपेस बहारीनला तो मान प्रोस्तला मिळाला. २०१४ पासून अपराधाबरोबर दोषगुण मांडले जातात, आणि बारा महिन्यांत बारा दोषगुण झाले कीं पुढच्या एका शर्यतीस मनाई. ही मनाई प्रथम भोगली ती केविन मॅग्नुसेननें, २०२४ सालीं. कोणत्या चुकीस साधारणपणें कोणती शिक्षा, याचें जें कोष्टक पंचांजवळ असे, तें २०२५ च्या जूनांत सर्वांना वाचावयास खुलें करण्यांत आलें. हा शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोष्टक हातीं असलें म्हणजे घरीं बसलेला प्रेक्षकही पंचांचा निर्णय ताडून पाहूं शकतो, आणि नेहमींपेक्षां निराळी शिक्षा दिली तर तिचें कारण सांगणें पंचांना भाग पडतें. मंडळ मात्र अजूनही शर्यतीगणिक बदलतें, आणि तोंवर दोन गांवीं दोन न्याय ही कुरकुर थांबावयाची नाहीं.

एका ठिकाणीं उपाय फार सोपा सांपडला. ऑस्ट्रियाच्या मार्गावर शेवटच्या दोन वळणांना कडेची पांढरी रेषा ओलांडून वेळ वांचविण्याची संवय सर्वांनाच लागली होती. २ जुलै २०२३ च्या शर्यतींत रेषा ओलांडल्याचे बाराशेंहून अधिक संशयित प्रसंग तपासावे लागले. शर्यत चालू असतां तें पुरें झालें नाहीं, एका संघानें तक्रार केली, आणि कित्येक तासांनीं आठ चालकांना नवे दंड होऊन निकालपत्रक बदललें. पुढच्या वर्षीं तेथें रेषेच्या बाहेर खडीची अरुंद पट्टी घालण्यांत आली. रेषा सोडणाऱ्याचीं चाकें आतां खडींत जातात, मोटार डगमगते, आणि वांचविण्याऐवजीं वेळ उलट फुकट जातो. त्या दोन वळणांपुरतें तरी पंचांना कांहीं ठरवावें लागत नाहीं.